डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही नाही

आमच्या घरात कोणी काही पहिल्यांदा केलेलं माझ्या मुलाला चालत नाही, तो हजर नसेल तर. आणि हजर तो महिन्यातून आठ दिवस असतो. म्हणजे त्या आठ दिवसांत पोरींनी दात पाडायचे, नवे शब्द बोलायचे, पावलं टाकायची, आणि बाकीचे बावीस दिवस दुकानातल्या बाहुल्यांसारखं गप्प बसून राहायचं. असं कुठल्या जगात होतं, हे त्याला विचारलं की म्हणतो, "आई, तुला नाही कळायचं." चौथीपर्यंत शिकलेय मी. तेवढ्यात जे कळायचं ते कळलंय.

तो लिफ्ट बसवतो. दहा मजली, बारा मजली इमारतींत. एका ठिकाणी दहा-बारा दिवस मुक्काम, मग दोन-तीन दिवस घरी, मग पुढचं गाव. पोटासाठी जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सगळ्या जगाला वर-खाली नेतो, फक्त स्वतः घरी पोचत नाही, एवढंच. काम मात्र चोख. लिफ्ट तयार झाली की एक छापील कागद असतो. दार उघडतं का, ब्रेक लागतो का, मधे अडकली तर घंटा वाजते का, अशा वीस-बावीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे सहीची जागा. त्याचा नियम असा की जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही करायची नाही. मालक पाया पडला तरी नाही. ह्या नियमाचा मला अभिमानच होता. गिऱ्हाइकांना सांगायचे मी, माझा मुलगा न बघता सही करत नाही म्हणून.

तर तो नियम उचलून त्याने घरात आणला.

धाकटी नात झाली तेव्हा कामावरचे दोन कोरे कागद घेऊन आला आणि दुकानातून स्वयंपाकघरात जायचं जे दार आहे त्याच्या बाजूला भिंतीवर चिकटवले. एक मोठीचा, एक धाकटीचा. लिफ्टच्या ओळी खोडून वर सुंदर अक्षरात लिहिलं. पहिलं हसू. पहिला दात. पहिला शब्द. पहिलं पाऊल. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवली. शाळेचा पहिला दिवस. पडलेला पहिला दात. अशा बावीस ओळी, आणि पुढे तारीख आणि सही. धाकटीच्या कागदावर सह्या भराभर पडायला लागल्या, कारण आता तो कसं तरी करून, रजा काढून, रात्रभर प्रवास करून पोचायचा. मोठीच्या कागदावर बावीसपैकी दोन सह्या. तिचा जन्म, आणि तिचे पहिल्यांदा केस कापले तो दिवस. बाकी वीस ओळी कोऱ्या. तेव्हा तो नव्हता.

मी त्याला म्हटलं होतं, "अरे, हिचं सगळं मी पाहिलंय. दे इकडे पेन, मी करते सही."

हसला. "साक्षीदार चालत नाही आई. ज्याने करायची त्यानेच पाहिलं पाहिजे."

"मी साक्षीदार का? मी आजी आहे तिची."

"तेच ते," म्हणाला.

नातींची नावं जन्माच्या दाखल्यावर आहेत ती आहेत, घरात मी ठेवलेली चालतात. मोठी सात वर्षांची, काटकुळी, टोचेल असं बोलणारी आणि कुठे पडली तर सापडायची नाही अशी, म्हणून टाचणी. धाकटी वर्षाची, जिथे ठेवाल तिथे पसरणारी, म्हणून उशी. आमचा गाद्यांचा धंदा. ह्यांच्या आजोबांनी सुरू केला, ते गेल्यावर मी चालवला. पुढे दुकान, मागे घर. कापूस खोळीत भरायचा, काठीने सारखा करायचा, मग हातभर लांब दाभण घेऊन टाके घालायचे. आता लोकांना फोम हवा असतो, तोही ठेवते. लोक येतात, वांगं दाबून बघावं तशी दोन बोटांनी गादी दाबतात आणि म्हणतात, "जरा कडक आहे." तुझी पाठ कडक आहे बाई, गादीला काय बोलतेस.

सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. सकाळी नऊला जाते, सहाला येते. टाचणीची शाळा दुपारी सुटते. म्हणजे दिवसभर दोघी माझ्याकडे, दुकानात. त्यांचं रडणं, पडणं, खाणं, कापूस तोंडात घालणं, सगळं माझ्यासमोर. ज्याला काही दिसत नाही त्याच्याकडे सहीचा अधिकार, आणि जिच्या डोळ्यांदेखत सगळं घडतं ती साक्षीदार. वा रे न्याय.

आता झालेलं सांगते.

मुलगा कामाला गेल्याला तीन दिवस झाले होते. मी दुहेरी गादीला टाके घालत होते. उशी फोमच्या गुंडाळीला धरून उभी होती, रोज राहायची तशी. तिने एक हात सोडला. मग दुसरा सोडला. आणि राहिली की उभी. स्वतःच चकित झाल्यासारखी, भुवया वर करून. टाचणी ओरडली, "आजी, बघ, बघ, हिने सोडलं." उशी दहा मोजेपर्यंत उभी होती, मग मागे कापसावर बसली. आज ना उद्या पाऊल टाकणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

संध्याकाळी सुनेने फोनवर त्याला आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, "चालू देऊ नका."

"म्हणजे?" सून म्हणाली.

"मी नऊ दिवसांनी येतोय, रविवारी. तोवर चालू देऊ नका. कडेवर ठेवा, मांडीवर ठेवा, काहीही करा."

मी फोन ओढून घेतला. "पोर आहे ती. लिफ्ट नाही, मधल्या मजल्यावर थांबवायला."

"आई, ऐक ना."

"तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तिचे पाय तिचे आहेत."

तो हळूच म्हणाला, "मोठीचं मी एक पाऊल नाही पाहिलं. एवढंच मागतोय. नऊ दिवस."

ह्या आवाजापुढे मी विरघळले. कोणाला दोष द्यायचा तर आधी मला द्या. मी 'बरं' म्हटलं. आई झालं की ही खोड लागते, मुलगा चाळिशीचा झाला तरी तो आपल्याकडे काही मागतोय म्हटलं की डोकं बंद पडतं.

मग त्याने टाचणीला फोनवर बोलावलं. स्पीकर चालू होता, मी स्वतः ऐकलंय.

"टाचू, तू मोठी ताई ना? दुपारी आजीच्या हातात काम असतं. तू उशीवर लक्ष ठेवायचं. ती उभी राहिली की तिला बसवायचं. नऊ दिवस केलंस ना, तर मी आलो की तुझ्या कागदावर सही करीन."

टाचणीने विचारलं, "कुठल्या ओळीवर?"

"तू सांगशील त्या."

"न बघितलेल्या ओळीवरसुद्धा?"

"हो, न बघितलेल्यासुद्धा. तुझ्यासाठी एकदा नियम मोडू."

म्हणजे नियम मोडता येत होता तर. मालक पाया पडला तरी मोडत नव्हता तो. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण हातात दाभण होतं आणि डोक्यात गिऱ्हाईक.

फोन ठेवल्यावर टाचणी स्टूल घेऊन भिंतीपाशी गेली. पेन्सिलने स्वतःच्या कागदावर 'पहिलं पाऊल' ह्या ओळीपुढे एक बारीक ठिपका काढला. मग माझ्याकडे आली.

"आजी, मी पहिल्यांदा कुठे चालले?"

"इथेच. त्या कापायच्या टेबलापासून निघालीस आणि फोमच्या गठ्ठ्याकडे. पाच पावलं. सहाव्याला पडलीस ते थेट कापसात, तोंड उघडं ठेवून. तासभर कापूस थुंकत होतीस."

"खरंच चालले होते ना?"

"मग काय उडालीस?"

"कागदावर नाहीये म्हणून विचारलं," ती म्हणाली.

सात वर्षांची पोर. स्वतःच्या पायांवर उभी राहून मला विचारते की मी खरंच चालले होते का. तिथल्या तिथे तो कागद फाडून चुलीत घालायला हवा होता. पण मी तो भिंतीवरच ठेवला, कारण मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही हा माझाच नियम. नियमांची हौस आमच्या रक्तातच आहे म्हणायची.

त्या नऊ दिवसांचं काय सांगू. सकाळपासून टाचणीची शाळा सुटेपर्यंत उशी माझ्या कडेवर. बारा किलोचं ओझं कडेवर घेऊन कोणी गादी शिवून दाखवावी. खोळी शिवायला माझ्याकडे एक बाई येते, वीस वर्षं झाली, तिला आम्ही खोळवालीच म्हणतो. ती म्हणायची, "खाली सोड की तिला. पोर चाललं म्हणून कोणाचं काय जातंय?"

"माझा शब्द जातोय."

"तुझी कंबर जातेय," ती म्हणायची.

दुपारी टाचणी यायची. दप्तर टाकलं की हात धुवायची आणि कामाला लागायची. तुम्हाला सांगते, पगारी माणूस एवढं काम करत नाही. खेळायला गेली नाही, चित्रं काढली नाहीत, नऊच्या नऊ दिवस उशीसमोर मांडी घालून. उशी उभी राहिली की ही तिच्या खांद्यावर अलगद हात ठेवायची आणि म्हणायची, "खाली, उशे, खाली. बाबा येऊ दे." उशी पहिल्या दिवशी भोकाड पसरायची. मग टाचणीने स्वतःची युक्ती काढली. उशी बसली की दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, "शाबास." उशीला टाळ्या फार आवडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी हाताची गरजच उरली नाही. उशी उभी राहायची, ताईकडे बघायची, ताईने टाळी वाजवली की पटकन बसायची आणि स्वतःही टाळ्या वाजवायची. दोघी खिदळायच्या. मीही हसले. मीही म्हटलं, "टाचणे, कमाल आहे तुझी." आपण काय शिवतोय ते उलटून बघितलं नाही. उसवायची वेळ आली तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी मुलगा आला. हातात केकचा खोका. केक बुटाच्या आकाराचा. बाळाचा बूट, त्यावर साखरेची नाडी. मी म्हटलं, "पोर अजून चालली नाही, तू बूट खायला घालतोस." तर म्हणाला, "आज चालणार आई. सगळं नीट ठरवलंय."

ठरवलं होतं खरंच. दुकानातल्या गाद्या एका बाजूला रचल्या, त्यातली एक संध्याकाळी गिऱ्हाइकाला द्यायची होती, तिला अजून निम्मे टाके घालायचे होते. मधली जमीन झाडून घेतली. मग माझं लाल रेक्झिन काढलं, नवंकोरं, चार मीटर, आणि जमिनीवर पट्ट्यासारखं अंथरलं. एका टोकाला फोन, तीन पायांच्या काठीवर. खोळवालीला बोलावलं. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, त्याला आम्ही चष्मेवाले म्हणतो, त्यांनाही बोलावलं. सून नवा ड्रेस घालून उशीला धरून बसली. टाचणीने स्वतःच वेणी घातली होती, एक बाजू वर, एक खाली. ती कागदाजवळ उभी होती, हातात पेन. बापाचं पेन, त्याच्या खिशातून मागून घेतलेलं.

"आधी ही, मग तुझी सही," तो तिला म्हणाला.

"मी ठरवलीय ओळ," ती म्हणाली.

"बरं, बरं. सरक तिकडे, फोनमध्ये येतेयस."

ती सरकली.

मुलगा रेक्झिनच्या एका टोकाला उकिडवा बसला, हात पसरून. दुसऱ्या टोकाला सुनेने उशीला उभं केलं आणि हात काढून घेतला. उशी उभी राहिली. छान, ताठ. आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

उशी बसली. बसून तिनेही टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा," मुलगा म्हणाला.

सुनेने पुन्हा उभं केलं. हा म्हणाला, "ये, ये, बाबाकडे ये," आणि टाळी वाजवली. उशीने मान वळवून टाचणीला शोधलं, तिच्याकडे बघून हसली आणि बसली. ह्या वेळी आणखी ऐटीत.

असं पाच वेळा. आम्ही जितक्या जोरात टाळ्या वाजवायचो तितक्या झटकन ती बसायची. खोळवालीला हसू आवरेना. "ही बसायच्या परीक्षेत पहिली आली बघा." चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून परत लावला, जसं काही त्यांनाच नीट दिसत नव्हतं. मुलाचं तोंड उतरत चाललं होतं.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. पण माझ्याआधी टाचणी बोलली, अगदी बारीक आवाजात.

"बाबा, टाळ्या वाजवू नका कोणी. टाळी म्हणजे खाली बसायचं."

"काय?"

"मी तिला तसं शिकवलंय. टाळी वाजली की बसायचं."

मुलाने फोन बंद केला. "तू हिला बसायला शिकवलंस?"

"तूच म्हणाला होतास, उभी राहिली की बसव."

"लक्ष ठेव म्हटलं होतं. बिघडवून ठेव नव्हतं म्हटलं."

"अहो, काय बोलताय तिला," सून म्हणाली.

"मग काय बोलू? नऊ दिवस फक्त ह्यासाठी थांबलो मी. सुट्टी मागायला किती बोलणी खाल्ली माहितीये?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चार लोकांत मुलाची शोभा करायची नाही, म्हणून ओठ आवळले. हीसुद्धा माझी जुनी खोड, आणि तिने कधी कोणाचं भलं झालेलं नाही.

टाचणी त्याच्यापुढे आली. पेन पुढे केलं. "मग माझी सही?"

"कसली सही? काम झालं का? काम झालं नाही तर सही नाही."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कोणी तरी जवळ घेतलं असतं. तिने पेन त्याच्या हातात दिलं. स्टूलवर चढली. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि आपल्या कागदावरचा पेन्सिलचा ठिपका पुसून टाकला. नीट, कागद फाटू नये असा. मग खाली उतरून फोमच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसली. तिचा एक पाय तेवढा बाहेर दिसत होता, मोजा निम्मा निघालेला.

पाहुण्यांनी केक खाल्ला. माणसं अशा वेळी फार भराभर खातात. चष्मेवाले म्हणाले, "मुलं काय, चालतात आपल्या वेळेने," आणि दुकान उघडायचंय म्हणून निघाले. रविवारी त्यांचं दुकान बंद असतं. खोळवाली जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, "पोरीच्या तोंडाला पानं पुसली गं ह्याने." मी म्हटलं, "दिसतंय मला."

मी गादी ओढली आणि टाके घालायला बसले. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, त्याला काय सांगू, माझ्या घरात आज बूट कापला म्हणून? सून स्वयंपाकघराच्या दारात बशा पुसत होती. मुलगा टेबलाला टेकून, मान खाली घालून फोनमध्ये मघाचंच बघत होता, उशी बसते ते, पुन्हा पुन्हा. उशी जमिनीवर, रेक्झिनच्या कडेला, हातात साखरेची नाडी.

घर शांत. टाळी नाही, ये-ये नाही.

उशी उभी राहिली. इकडे तिकडे बघून ताईला शोधलं. गठ्ठ्यामागून आलेला तो पाय तिला दिसला. नाडी टाकून दिली आणि निघाली. एक पाऊल. दुसरं. मी दाभण अर्ध्यात थांबवलं. सुनेच्या हातात बशी तशीच. तिसरं, चौथं, जरा डुलली, सावरली. पाच. सहा. रेक्झिनवर एक पाऊल ठेवलं नाही पठ्ठीने, सरळ फरशीवरून गेली. टाचणीला चाहूल लागली तशी ती गठ्ठ्यामागून उठून बाहेर आली आणि दोन्ही हात अर्धवट पुढे करून थांबली. धरू की बसवू, तिला कळेना. उशीने सातव्या पावलाला तिचा फ्रॉक मुठीत पकडला आणि डोकं तिच्या पोटावर टेकलं.

मी सुनेकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते. माझे नव्हते, कापसाच्या धुळीने जेवढं पाणी आलं तेवढंच.

आणि मुलगा उठला. "थांबा, थांबा. कोणी हलू नका."

"झालं की आता," मी म्हटलं. "पाहिलंस ना?"

"तिसऱ्यापासून पाहिलं. मी फोनमध्ये बघत होतो. पहिलं पाऊल चुकलं माझं." फोन काठीवर लावायला लागला. "टाचू, तिला परत तिथे ने. मघा होती तिथे. टाळी वाजव म्हणजे बसेल, मग मी सांगितलं की तू गठ्ठ्यामागे जा. हे नीट केलंस तर बघू तुझ्या सहीचं."

आणि टाचणीने, माझ्या त्या वेड्या पोरीने, टाळी वाजवायला हात उचलले. तोंडावर परत तीच आशा, नऊ दिवस होती ती. उशी तिच्याकडे बघत गुडघे वाकवायलाही लागली होती.

"टाचणे," मी म्हटलं. "हात खाली."

तिचे हात जिथल्या तिथे राहिले.

दाभण गादीत टोचून ठेवलं आणि उठले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू दे. मुलाच्या खिशातलं पेन काढून घेतलं. तो म्हणाला, "आई, काय करतेस?" भिंतीवरचे दोन्ही कागद काढले. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडा निघाला, तोही निघू दे. कापायच्या टेबलावर कागद ठेवले आणि सही केली. मला सही करायला वेळ लागतो. दुसऱ्या अक्षराची वेलांटी नेहमी मागे राहते, मग परत जाऊन द्यावी लागते. उशीच्या पहिल्या पावलावर एक. मग टाचणीच्या पहिल्या पावलावर. पहिल्या हसण्यावर, पहिल्या दातावर, पहिल्या शब्दावर, पडलेल्या दातावर, शाळेच्या पहिल्या दिवशी मीच तिला सोडायला गेले होते त्यावर. वीसच्या वीस. टाचणी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून एकेक सही बघत होती आणि ओठ हलवून मोजत होती. उशी तिच्या फ्रॉकला लोंबकळलेली.

"तारखा?" मुलगा म्हणाला. त्याला अजूनही तारखा हव्या होत्या.

"तारखा मला पाठ आहेत, पण मागशील तेव्हा मिळणार नाहीत."

पेन त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं. टाचणीचा कागद त्याच्याकडे वळवला. खाली, बावीस ओळींच्या खाली, एक ओळ मोकळी होती. छापताना राहिलेली असेल.

"आता ऐक, आणि मधे बोलू नकोस," मी त्याला म्हटलं. "लिफ्टचं काम तुझं, तिथे तू सांगशील ते खरं. ह्या घरात आजपासून जी बघेल तिची सही. मी बघेन, तुझी बायको बघेल, टाचणी लिहायला शिकलीय, तीही करेल. कोणतीही पोर तुझी वाट बघत खाली बसून राहणार नाही, आणि कोणी तिला परत मागे नेऊन चालवणार नाही. तुझं जे हुकलं ते हुकलं, त्याचं मला वाईट वाटतं, पण ते ह्या सात वर्षांच्या पोरीकडून वसूल करायचं नाही. आणि सही करायची तुला एवढी हौस आहे ना, तर ही खालची ओळ तुझ्यासाठी ठेवलीय. पेन घे. लिही, 'बापाने दिलेला शब्द पहिल्यांदा मोडला.' पुढे आजची तारीख घाल आणि सही कर. हे तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंयस."